कार्पेटखालचं पाणी

माझ्या धाकट्या भावाला गाडीत मागे बसलं की चपला काढून बसायची खोड आहे. त्या दिवशी उतरताना त्याने पाय खाली टेकवला, तसाच वर उचलला आणि म्हणाला, "ताई, इथे पाणी सांडलंय का गं?"

"बाटली लवंडली असेल," मी म्हटलं आणि विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी रबरी मॅट उचलली तर तिच्या खालच्या अंगाला घाम फुटल्यासारखे थेंब. कार्पेटवर अंगठा दाबला. अंगठ्याभोवती पाण्याचं इवलंसं तळं उभं राहिलं. अंगठा उचलला की तळं गडप. चार वेळा दाबलं, चारही वेळा तेच. लवंडलेल्या बाटलीचं हे काम नव्हतं.

मग मी तेच केलं जे कुणीही करेल. मॅट बाहेर, चारही दारं सताड उघडी, दोन दिवस कडक ऊन, मधूनमधून जुना टॉवेल दाबून टिपणं. दुसऱ्या संध्याकाळी कार्पेट हाताला खडखडीत लागलं. मी खूश. मॅट परत जागेवर घातली, म्हणजे भांड्यावर झाकण ठेवावं तशी.

आठवड्याभराने सकाळी पाहते तर गाडीच्या काचा आतून धुरकटलेल्या. बाहेर धुकं नाही, थंडी नाही. आतून बोटाने रेघ ओढली तर बोट ओलं झालं. दार उघडल्याबरोबर कोपऱ्यात भिजून पडलेल्या पायपुसण्याचा वास आला, तो वेगळाच.

गाडीचं कार्पेट म्हणजे आपल्याला दिसतं तेवढंच नसतं, हे मला तेव्हा कळलं. वरचा केसाळ थर जेमतेम काही मिलिमीटरचा. त्याच्या खाली आवाज आणि उष्णता अडवायला जाड अस्तर असतं. कुठे फोमचं, कुठे चिंध्या दाबून केलेल्या नमद्यासारखं. आमच्या गाडीत मागच्या सीटच्या पायांशी ते मोजलं तर तीन सेंटिमीटर भरलं. आता 60 बाय 50 सेंटिमीटरचा तेवढाच एक तुकडा धरा. त्याचं आकारमान झालं नऊ लिटर. मऊ फोममध्ये बहुतेक जागा हवेचीच असते, म्हणजे तो निम्मा जरी भरला तरी चार लिटर पाणी सहज मुरतं. वर टॉवेल दाबून मी त्यातलं किती काढलं असेन? फार तर ग्लासभर.

उन्हाचाही हिशेब मी नंतर मांडला, आणि तो आधी मांडला असता तर दोन आठवडे वाचले असते. तीस अंश तापमानाची हवा, पुरती दमट झाली तरी, एका घनमीटरला सुमारे तीस ग्रॅमच वाफ धरून ठेवते. मध्यम आकाराच्या गाडीत हवा असते साधारण तीन घनमीटर. म्हणजे काचा लावून गाडी उभी केली, तर नव्वद ग्रॅम पाण्याची वाफ झाली की आतली हवा भरली, वाळणं थांबलं. चार लिटर बाहेर काढायचे तर आतली सगळी हवा चाळीसहून अधिक वेळा बदलायला हवी. उन्हात गाडी तापते तेव्हा हवेत जास्त वाफ मावते हे खरं, पण रात्री गाडी निवली की तीच वाफ काचांवर उतरते आणि काचेवरून ओघळून पुन्हा खाली. माझ्या काचांवर सकाळी जे दिसत होतं ते कार्पेटचंच पाणी होतं, फिरायला निघालेलं.

पण वाळवण्याआधी ते येतं कुठून हे शोधायला हवं होतं. मी उलट क्रमाने गेले होते.

ज्याला विचारावं तो सांगायचा, एसीचा ड्रेन तुंबला असेल. हे कारण नेहमीचं आहे आणि तपासायला सोपंही. एसी चालू असताना आतल्या थंड जाळीवर हवेतलं पाणी जमतं आणि एका रबरी नळीतून गाडीखाली टपकतं. नळी तुंबली की तेच पाणी पुढच्या बाजूला पायांशी येतं. मी वीस मिनिटं एसी लावला आणि वाकून पाहिलं. गाडीखाली व्यवस्थित थेंब पडत होते. हे कारण बाद.

हीटरची जाळी गळत असेल तर जे येतं ते पाणी नसून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, असतं. पांढऱ्या टिश्यूने टिपलं तर रंग दिसतो, बोटांना चिकट लागतं, वास गोडसर येतो आणि पुढच्या काचेवर आतून तेलकट धूसर थर बसतो. चाखून मात्र बघू नये, ते विषारी असतं. माझा टिश्यू नुसताच ओला आणि मातकट. हेही बाद. छताला उघडणारी काच, म्हणजे सनरूफ, असती तर तिच्या चार कोपऱ्यांतल्या नळ्या तपासल्या असत्या. आमच्या गाडीला ती नाही. वायपरच्या खाली जी जाळी असते तिच्या आत पालापाचोळा साचून पाणी तुंबतं, असं वाचलं होतं. तिथे हात घातला तर खरंच मूठभर कुजका पाला निघाला. मला वाटलं, सापडला चोर! पण तगारीभर पाणी ओतलं तर ते सरळ पुढच्या चाकामागून जमिनीवर आलं. पाला होता, पण त्याने वाट अडवली नव्हती.

घोळ असा होता की ओल मागे होती म्हणून गळती मागेच असेल असं नाही. कार्पेटखाली पत्र्याला पन्हाळ्या असतात, वायरिंग त्यांतूनच जातं, आणि पाणी उताराकडे निघून जातं. माझी गाडी रोज जराशा चढावर, तोंड वर करून उभी असते. म्हणजे पुढे शिरलेलं पाणीही मागेच सापडलं असतं.

शेवटी रविवारी बागेचा पाइप घेतला. भावाला टॉर्च देऊन मागे बसवलं, दारं-काचा बंद. पाणी साधं, धार जोराची नाही. प्रेशरने मारलं तर धड असलेल्या रबरातूनही शिरतं आणि मग भलत्याच जागी संशय जातो. सुरुवात खालून करायची आणि हळूहळू वर जायचं, एका जागी पाच मिनिटं तरी. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि नेमकी जागा कळत नाही. चाकाची कमान, दाराचा उंबरठा, दाराच्या कडेचं रबर. आतून दर मिनिटाला आवाज येई, "काही नाही... काही नाही... ताई, मला उकडतंय." पाइप मागच्या दाराच्या काचेवर धरला. दोन मिनिटं गेली असतील.

"आलं! ताई, आलं, बंद नको करूस, दिसू दे मला!"

मी पाइप तसाच ठेवून पलीकडच्या दाराने आत डोकावले. दाराच्या आतल्या प्लास्टिकच्या खालच्या कडेतून, अगदी दोऱ्याएवढी बारीक धार, आवाज न करता उंबरठ्याच्या पट्टीखाली सरकत होती. टॉर्चच्या उजेडात ती चमकली नसती तर दिसलीही नसती.

आता, गाडीच्या दाराच्या आत पाणी जातंच. हे मला माहीत नव्हतं आणि भावाला तर पटेचना. काच जिथून खाली जाते तिथली रबराची पट्टी पाणी निपटते, पण सगळं अडवत नाही. उरलेलं काचेवरून दाराच्या पोकळीत उतरतं आणि दाराच्या तळाशी असलेल्या भोकांतून बाहेर पडतं. दार असं बनवलेलंच असतं. त्या पोकळीत आणि गाडीच्या आतल्या भागात पडदा असतो तो एका प्लास्टिकच्या किंवा फोमच्या पातळ शीटचा, काळ्या चिकट ब्युटिल पट्टीने चिकटवलेला. तेवढी एक शीट, बस.

हे कळलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. पाचेक महिन्यांपूर्वी याच दाराची काच खाली अडकली होती, म्हणून एका गॅरेजमध्ये आतली यंत्रणा बदलून घेतली होती. आता मी दाराचं पॅड, म्हणजे आतलं प्लास्टिकचं आवरण, काढलं. हँडलच्या मागे एक स्क्रू, हात ठेवायच्या खाचेत दोन, बाकी कडेने क्लिपा. प्लास्टिकची पट्टी घालून उचकटलं की टक् टक् करत सुटतात. दोन तुटल्या, त्या तुटायच्याच. आत पाहिलं तर शीटचा खालचा कोपरा लोंबत होता. काम करताना ती फाडून बाजूला केली होती आणि परत लावताना साधी पारदर्शक चिकटपट्टी मारली होती, जी पहिल्याच ओलीला सुटली असणार. काच वर-खाली अगदी छान होत होती, म्हणून मी त्या माणसाचे आभारही मानले होते.

दुरुस्तीला फार वेळ लागला नाही. जुना ब्युटिल खरवडला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पत्रा पुसला, नवी ब्युटिल पट्टी लावून शीट चोळून चोळून बसवली. खालची कडा आतल्या बाजूला, पोकळीत वळलेली राहिली पाहिजे, म्हणजे थेंब दाराच्या आतच पडतो. तळाची भोकं काडीने मोकळी केली. एकात माती घट्ट बसली होती. परत पाइप, परत भाऊ आत, या वेळी दहा मिनिटं. कोरडं.

मग खरं काम. कार्पेट वर उचलायचं तर पुढचं सीट काढायलाच हवं होतं. सीटला चार बोल्ट असतात. सीट पूर्ण पुढे सरकवून मागचे दोन, पूर्ण मागे सरकवून पुढचे दोन सैल करायचे. सीट विजेवर सरकणारी असेल तर हे बॅटरी काढण्याआधी उरकावं. बोल्टची डोकी सहा पाकळ्यांची होती, त्यांना टॉर्क्स बिट लागतं. दुसरं काही घालून जोर केला तर पाकळ्याच झिजतात. सीट उचलण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून दहा-पंधरा मिनिटं थांबले, कारण सीटखाली पिवळे कनेक्टर असतात. पिवळा म्हणजे एअरबॅगचा. त्या यंत्रणेत बॅटरी काढल्यावरही थोडा वेळ वीज साठून राहते. हायब्रिड किंवा विजेवरच्या गाडीत नारिंगी रंगाची जाड केबल दिसली तर तिथे हात घालू नये, ते काम जाणकाराचं.

इतकी काळजी घेऊन मी पुढे माती खाल्लीच. दुसऱ्या दिवशी वारा खेळायला काचा खाली करायच्या होत्या. बॅटरी जोडली, किल्ली फिरवली, काचा खाली. सीट बाहेर, कनेक्टर सुटलेला, आणि समोर एअरबॅगचा लाल दिवा. सीट परत जोडल्यावरही तो गेला नाही. गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर लावून पुसून घ्यावा लागला. काचा आधीच खाली करून ठेवायला हव्या होत्या, एवढंच.

उंबरठ्याच्या पट्ट्या आणि सीटबेल्टच्या खालचा बोल्ट काढल्यावर कार्पेटची कड मोकळी झाली. पूर्ण काढायचा विचार सोडून दिला, कारण ते एकसंध ओतलेलं असतं आणि मधल्या कन्सोलखालून पलीकडे जातं. त्यासाठी अर्धी गाडी खोलावी लागली असती. कड धरून वर उचललं. ते इतकं जड! कोरडं असताना एका हाताने उचललं गेलं असतं ते आम्ही दोघांनी मिळून धरलं. फोममधून पाणी पावसासारखं नाही, मधासारखं सावकाश निथळत होतं. खाली पत्र्यावर बोटभर पाणी, त्यात एक नाणं आणि माझी केव्हाची हरवलेली केसांची पिन. पिनेखाली पत्र्याच्या रंगावर हुबेहूब पिनेच्या आकाराचा गंजाचा डाग होता. तिथेच वायरिंगचा एक जोड ओला झाला होता, पण उघडून पाहिला तर पिना अजून स्वच्छ होत्या. हिरवा भुरा धरला असता तर दाराचं लॉक, सीटबेल्टचा इशारा असली भुतं नाचायला लागली असती, आणि मग कुणी त्याचा संबंध ओल्या कार्पेटशी लावला नसता.

पाणी ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर उसना आणला होता. कोरड्या कचऱ्याचा साधा व्हॅक्यूम यासाठी वापरू नये, मोटरमध्ये पाणी जातं. आधी पत्र्यावरचं ओढलं, मग फोम खालच्या बाजूने. तोंड नुसतं टेकवून फारसं येत नाही. दुसऱ्या हाताने फोम दाबत दाबत, एका जागी दहा-दहा सेकंद. मग कार्पेट खाली सोडून वर टॉवेल अंथरला आणि भावाला त्यावर उभं केलं. तो जागच्या जागी पावलं टाकत होता, मी कडेने नळी फिरवत होते. टॉवेल पिळून परत. संध्याकाळपर्यंत व्हॅक्यूमच्या टाकीतून साडेतीन लिटर आणि बादलीत पिळलेलं लिटरभर, असं पाणी निघालं. दाबून जेवढं निघतं तेवढं आधी काढलं पाहिजे, कारण तेच पाणी वाफ करून काढायला दिवस लागतात.

नंतर कार्पेटच्या कडेखाली रिकाम्या बाटल्या आडव्या घातल्या, म्हणजे फोम आणि पत्रा यांच्यात चांगली फट राहिली. त्या फटीत टेबलफॅनचा झोत. गरम हवेची बंदूक सुचवणारे बरेच भेटले, पण फोम करपतो आणि कार्पेटचे केस वितळतात, म्हणून ती घेतली नाही. इंजिन चालू ठेवून हीटर-एसी लावण्याचा उपाय चालतो, एसी हवा कोरडी करतोच. पण तो उघड्यावरच करावा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवणं जिवावरचं आहे.

दिवसा पंखा आणि उघड्या काचा, रात्री काचा बंद आणि आत डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून टाकीत साठवणारं यंत्र, असा क्रम ठेवला. डीह्युमिडिफायर लावून काचा उघड्या ठेवल्या तर तो जगभरची हवा वाळवत बसतो. त्याच्या टाकीत रोज सकाळी किती जमलं ते मी कागदावर लिहीत गेले. पहिल्या रात्री 1,400 मिलिलिटर. दुसऱ्या रात्री 900. मग 500, 220, 90. वर हात फिरवला तर तिसऱ्या दिवशीच कोरडं लागत होतं; कागद नसता तर मी तिथेच थांबले असते. पाचव्या रात्रीनंतर दोन परीक्षा घेतल्या. घडी केलेला टिश्यू फोमखाली घालून वर वीट ठेवली आणि सकाळी काढला. कडा जराशा दमट. आणखी दोन दिवस पंखा. मग टिश्यू कुरकुरीत निघाला. दुसरी परीक्षा आर्द्रतामापकाची: गाडी सहा तास बंद ठेवायची आणि आतला आकडा बाहेरच्याशी ताडायचा. आत 54 टक्के, बाहेर 57. त्याआधी, ओल असताना, आत 88 दिसला होता.

वासाबद्दल लोक फार हळवे असतात. सुगंधी फवारे मीही मारून पाहिले होते. त्याने गाडीत फुलांच्या गुच्छात ठेवलेलं पायपुसणं असा वास आला. ओल दोन-एक दिवस राहिली की बुरशी धरायला लागते, आणि आमची तर महिनाभर मुरली होती. फोमच्या खालच्या अंगाला करड्या ठिपक्यांची नक्षी होती. हातमोजे आणि मास्क घालून तेवढा भाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी मिसळून पुसला, भिजवला नाही. ब्लीच टाळलं, रंग जातो आणि सीटबेल्टवर उडालं तर पट्टा कमजोर होतो. सगळं वाळल्यावर वर खायचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवला आणि सकाळी ओढून घेतला. वास नव्वद टक्के गेला. उरलेले दहा टक्के पुढच्या महिन्यात कधीतरी गेले, नेमके कधी ते लक्षात नाही. वाफेने धुऊन देतो असं एकाने सांगितलं होतं. इतक्या कष्टाने काढलेलं पाणी परत आत घालायची माझी तयारी नव्हती.

पिनेचा डाग घासून, प्रायमर आणि रंगाचा हात मारून घेतला. पिन भावाने ठेवून घेतली आहे, कशासाठी ते तोच जाणे. सीट बसवताना चारही बोल्ट आधी हाताने धरवून मग आवळले, आणि किती आवळायचे तो आकडा गाडीच्या सर्व्हिसच्या माहितीतून घेतला. अंदाजाने आवळायचे बोल्ट हे नव्हेत.

त्यानंतरच्या पहिल्या जोरदार पावसात मी टॉर्च घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसले. अर्धा तास. कार्पेटखाली हात घातला, कोरडा. मग काच उघडायचा मोह आवरून दार जरासं किलकिलं केलं आणि खाली वाकून पाहिलं. दाराच्या तळाच्या भोकातून पाणी टपटपत होतं, बाहेर, जमिनीवर.